नव्वद मिनिटांची कॅसेट

झाशीत प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारे आम्ही दोघंच होतो, आणि त्यातला एक बदलीचा. निदान आमची तशी समजूत होती. छावणीत आणखी कुणी ऐकत असेलही, पण तो आम्हाला भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर भेटायला नकोच होता. आपली आवड दुर्मीळ आहे या गोष्टीचा सतराव्या वर्षी माणसाला फार माज असतो.

आता फोनवर एक गाणं लावलं की खाली वीस बँडची नावं आपोआप येतात. तुम्हाला हेही आवडेल, तेही आवडेल. मला ते बघून चीड येते. ज्या नावासाठी आम्ही चार-चार महिने ताटकळलो, ते नाव कुणीतरी न मागता पुढ्यात टाकतं आणि मी ते अंगठ्याने वर सरकवून टाकतो. पण हा राग त्या फोनवरचा नाही, हे मला ठाऊक आहे.

वडील रेल्वेच्या वर्कशॉपात चार्जमन होते. साताऱ्याकडचे. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून इकडे आले आणि इथेच मुरले. रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर, घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि भांडण पेटलं की मला थोडी बुंदेलीही येत असे. आईला हिंदी कधीच धड आली नाही. ती क्रियापदं मराठीच ठेवायची आणि वर ‘जी’ लावायची. बाजारात तिचं काम त्यावर भागायचं, पण मनातलं बोलायला तिला इथे कुणी नव्हतं. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला ती फक्त गप्प बाई वाटायची.

आमच्यातला तो दुसरा मला भेटला गणपतीत. खंडेराव गेटजवळच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळी गणपती बसवायची, त्यात रेल्वेवाले, फौजी आणि दोन-चार जुनी झाशीकर घरं. आरतीला माझ्या हातात झांजा होत्या आणि मी दर फेरीला आठातला एक ठोका गाळत होतो. लोक माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. आरती संपल्यावर एक उंच, चष्मेवाला मुलगा जवळ आला. त्याचे वडील फौजेत मोठे अधिकारी, आणि तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.

“तू सात में बजा रहा था, पता है?”

मला वाटलं हा टिंगल करतोय. पण तो खूश झाला होता. मराठी त्याला कळायची सगळी, बोलायचा मात्र हिंदीतच. म्हणाला, जगात असे लोक आहेत जे हे मुद्दाम करतात, कल घर आना.

दुसऱ्या दिवशी सायकल मारत मी सदर बाजार ओलांडून छावणीतल्या त्याच्या बंगल्यावर गेलो. दुपार होती. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर ऑर्डर्ली बादलीने पाणी मारत होता. त्याने तबकडी लावली. ऑर्गनसारखं काहीतरी एकाच सुरावर रेंगाळत राहिलं. मग मागून ढोल आले, तेही बिचकत. कुणी गाईना. मी पाच-सात मिनिटं सभ्यपणे बसलो आणि विचारलं, “शुरू कब होगा?”

“शुरू हो चुका है,” तो म्हणाला.

मला त्या दिवशी ते आवडलं नाही. घरी आल्यावर दोन दिवस डोक्यातून गेलंही नाही. माझं पुढलं सगळं ठरलेलं होतं. इंटर, म्हणजे बारावी, झाली की वर्कशॉपात अ‍ॅप्रेंटिस, मग वडिलांच्याच खात्यात, मग असंच एक क्वार्टर. कॉलनीत सकाळी वर्कशॉपाचा भोंगा व्हायचा तेव्हा डबे घेतलेली माणसं एका दिशेला जायची आणि संध्याकाळी तीच माणसं उलट दिशेला. त्यात मीही असणार होतो. इथे मात्र गाणं किती वेळ चालायचं ते गाणंच ठरवत होतं. तीन मिनिटांत कडवं-धृपद-कडवं उरकून घरी जायची त्याला घाई नव्हती. एवढ्याशा गोष्टीने मी हरखलो. मी तिसऱ्या दिवशी परत गेलो, आणि मग जातच राहिलो.

त्याच्याकडे एक लांबट वही होती. त्यात बँडची नावं, आणि नावांना जोडणाऱ्या रेघा. तबकडीच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत वाजवणाऱ्यांची नावं असत. भिंग लावून ती उतरवायची. एखादा ढोलवाला आवडला की तो आधी कुठे होता, कुणाशी भांडून निघाला, मग कुणाकडे गेला, याचा माग काढायचा. स्टेशनावरच्या रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकं यायची, पानं फाटलेली, महिनोन्‌महिने जुनी. त्यात एखादं परीक्षण सापडलं की आम्ही ते पाठ करायचो. लग्नघरात बायका जशा ‘ही कुणाची कोण’ म्हणत गोत जुळवतात, तसं आमचं चालायचं. ज्यांचा सूरही ऐकला नव्हता अशा बँडची तीन पिढ्यांची कुळी आम्हाला तोंडपाठ होती. त्यांचं संगीत कसं असेल ते आम्ही नावांवरून ठरवायचो, आणि मी कॉलेजात ते ऐकल्याच्या थाटात बोलायचो. ऐकणारं कुणी नव्हतं, तरीही.

ऐकायला मिळालं ते मात्र कॅसेटवर उतरवून घ्यावं लागे. आमच्या घरी तबकडी वाजवायचं यंत्र नव्हतं, वडिलांनी हौसेनं घेतलेला एक टेपरेकॉर्डर होता. सदर बाजारात एक रेकॉर्डिंगवाला होता. जिन्याखालची अरुंद जागा, एक टर्नटेबल, दोन डेक, आणि तो. मधल्या वयाचा, पान खाणारा, अतिशय सुबक अक्षराचा माणूस. कॅसेटच्या कव्हरवर तो गाण्यांची यादी अशी काही लिहायचा की लग्नपत्रिका वाटावी. त्याला मी पहिला अल्बम दिला आणि आठवड्याने कॅसेट आणली. घरी ऐकतो तर चाळीस मिनिटांचा अल्बम अठरा मिनिटांत संपला. मी तणतणत गेलो.

तो शांतपणे म्हणाला, “भैया, जहाँ-जहाँ गाना था, सब भर दिया है. बीच में खाली बाजा बज रहा था, वो निकाल दिया. आपकी टेप बचा दी.”

त्याची समजूत अशी की बाजा हा गाणाऱ्याला दम खाण्यासाठी असतो. मी त्याला अर्धा तास समजावलं. त्याने ऐकून घेतलं, फुकटात पुन्हा भरून दिलं, आणि त्यानंतर एक सेकंदही कधी गाळला नाही. उलट काही महिन्यांनी मला म्हणाला की वो जो बीच में बाँसुरी आती है, उसके लिए मैं ग्राहक को रुकवा देता हूँ. माणूस चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्याशी मी जे केलं ते वाचताना हे लक्षात असावं.

आता कॅसेटच्या दुसऱ्या वापराबद्दल. आमच्याकडे फोन नव्हता. ट्रंक कॉल म्हणजे कुणीतरी गेलं असंच समजायचे. पत्रं यायची, पण आईला आणि तिच्या धाकट्या बहिणीला पत्रांत समाधान नव्हतं. मावशीच्या घरीही टेपरेकॉर्डर आला, तेव्हापासून दोघी बोलून भरलेली कॅसेट पाठवू लागल्या. जवळच्या बबिन्याच्या छावणीत किंवा झाशीला असलेला साताऱ्याकडचा कुणी जवान सुटीवर निघाला की त्याच्या ट्रंकेत आईची कॅसेट आणि बुंदेलखंडातली मोहरी जायची. तो परत येताना गोडा मसाला, कुरड्या आणि मावशीची कॅसेट आणायचा. कॉलनीत बऱ्याच घरांत हे चालत असे. आणि सगळीकडे रीत एकच. आलेली कॅसेट ऐकायची, तिच्यावरच आपलं उत्तर भरायचं, आणि तीच परत धाडायची. आवाज कुणी साठवून ठेवत नसे. पुसला जायचाच तो, त्यात वाईट वाटण्याजोगं काही नव्हतं.

मावशीचं बोलणंही रांगेनं असायचं. आधी ताईशी, म्हणजे माझ्या आईशी. मग आम्हा मुलांशी, अभ्यास करा, आईला त्रास देऊ नका. आणि शेवटी आवाज बदलून, पदर सावरल्यासारखी, भाऊजींशी.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला एक कॅसेट आली, नव्वद मिनिटांची. आईने ती दुपारी एकटीनेच ऐकली. संध्याकाळी वडील आल्यावर तिने फक्त शेवटचा भाग लावला. “एवढंच तुमच्यासाठी आहे,” म्हणाली. आमच्यासाठी काही नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली की तिला या वेळी बरं नव्हतं, मुलांचं राहून गेलं. या कॅसेटवर तिने उत्तर भरलं नाही. बाजारातून नवी आणायला लावली. जुनीचे वरचे दोन्ही कान तिने केसातल्या आकड्याने मोडून टाकले, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये, आणि ती कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली. मी हे पाहिलं होतं. विचारलं मात्र नाही.

फेब्रुवारीत मित्राच्या वडिलांची बदली झाली. फौजेतली बदली म्हणजे आठवड्यात घर खोक्यांत जातं. त्याच आठवड्यात त्याच्या मामाने परदेशातून आणलेला दोन तबकड्यांचा अल्बम येऊन पोचला. वहीतलं सर्वांत वरचं नाव, ज्यातून बाकी सगळ्या रेघा निघाल्या होत्या ते. त्याचं यंत्र खोक्यात ठोकून बंद झालेलं. त्याने स्वतः ऐकायच्या आधी तबकड्या माझ्या हातात दिल्या. शुक्रवार होता, त्यांचा ट्रक रविवारी निघणार होता.

“पूरा एक कॅसेट पे लेना,” तो म्हणाला. “काटना मत.”

मी थेट रेकॉर्डिंगवाल्याकडे गेलो. नव्वदवाली संपली होती, सोमवारी दिल्लीहून येणार होती. त्याने स्वतःच तोडगा सुचवला. साठ-साठच्या दोन घ्या, एका तबकडीला एक कॅसेट, आरामात बसेल. मी नाही म्हणालो. मध्ये तुटेल, म्हणालो. तबकडीसुद्धा दर वीस मिनिटांनी उठून उलटावीच लागते, ती तरी कुठे सलग असते, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. खरं तर आली असावी. पण मला एकच, अखंड, दुसऱ्या कुणाकडे नसेल अशी कॅसेट हवी होती.

घरी आलो. आई हळदीकुंकवाला गेली होती. मी साड्यांची घडी उचलली.

मनात म्हटलं, आपल्याकडे भरलेल्यावर भरतातच. मावशीची नवी येईलच की. वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत विजेच्या तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी होती. तिचे दोन तुकडे मोडलेल्या कानांवर चिकटवले, म्हणजे कॅसेट पुन्हा भरता येते, आणि सायकल काढली.

रेकॉर्डिंगवाल्याने कॅसेट हातात घेतली, उलटी-सुलटी केली. “इसके तो कान टूटे हैं. किसी ने सँभाल के रखी है. घर में पूछ लिया?”

“हाँ, पूछ लिया.”

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कॅसेट आत सारली.

रविवारी सकाळी तबकड्या परत केल्या. ट्रकमध्ये शेवटची खोकी चढत होती. त्याने मला ती लांबट वही देऊन टाकली, त्याने दुसरी उतरवून घेतली होती. मिठी वगैरे आम्ही मारली नाही. “लिखना, क्या मिला,” एवढंच म्हणाला.

ते संगीत कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी कशासाठी काय दिलं ते कळणार नाही. ते चांगलं होतं. फार चांगलं होतं. मी आठ दिवस कॉलेजातून आल्यावर दारं लावून ऐकत होतो आणि सुखात होतो, हे मी नाकारणार नाही. पहिल्या बाजूला एक्केचाळीस मिनिटांनी सगळी वाद्यं एकेक करून गळत जातात आणि एकटी घंटा उरते. घंटाही थांबते. थोडी खरखर. आणि मग मावशी.

“...भाऊजी, आता तुमच्याशी बोलते. पास निघाला की कळवा.”

बाजू पंचेचाळीस मिनिटांची होती, पहिली तबकडी एक्केचाळीसची. चार मिनिटं मावशी शिल्लक राहिली होती. दुसऱ्या बाजूवर तिने काही भरलंच नव्हतं. पहिल्यांदा तिचा आवाज आला तेव्हा मी दचकून बटण दाबलं. नंतर सवय लागली. घंटा थांबली की बोट बटणावर.

उन्हाळ्यात तार आली. मावशी गेली होती. कॅन्सर होता. आईला ते थंडीपासून ठाऊक होतं, हे तिने तार हातात घेऊन सांगितलं. मावशीने ते त्या कॅसेटमध्ये सांगितलं होतं, आणि ताई, कुणाला सांगू नकोस असंही सांगितलं असावं, कारण आई वडिलांशीही बोलली नव्हती. ती कॅसेट तिने एकदाच ऐकली होती. पुन्हा ऐकायचं धैर्य होईना म्हणून नुसती जपून ठेवली होती.

आई साताऱ्याला जाऊन दिवसकार्य करून आली. आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कपाट उघडलं. मी बाहेरच्या खोलीत होतो. साड्या एकेक करून पलंगावर आल्याचं मला दिसत होतं. मग तिने मला हाक मारली.

मी कॅसेट आणून दिली आणि खोटं बोललो. म्हणालो, जपून राहावी म्हणून दुसरी प्रत काढायला दुकानात दिली होती. त्याने चुकून तिच्यावरच भलतं काहीतरी भरलं. हे मी आधीपासून ठरवून ठेवलं नव्हतं. तोंडातून इतकं सफाईने निघालं की माझं मलाच खरं वाटलं.

आईने दुकान कुठलं ते विचारलं, चपला घातल्या आणि निघाली. एकटी इतक्या लांब कधी न गेलेली बाई, भर उन्हात सहा आसनी टेम्पोत बसून सदर बाजारला. मी मागे सायकलवर. ती दुकानासमोर उभी राहिली. तीन-चार गिऱ्हाइकं होती.

“आपने मेरी बहन को पुसून टाकला जी,” ती म्हणाली. “वो मर गई. उसका आवाज था. आपको दिसला नाही? कान मोडला हुआ था.”

आणि मग तिची हिंदी संपली आणि ती मराठीत बोलत सुटली. लोक थांबून बघायला लागले. त्यांना शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतं.

रेकॉर्डिंगवाल्याने तिच्या हातातली कॅसेट घेतली. काळ्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या दोन पावलं मागे सायकल धरून उभा होतो. आता हा सांगणार, असं मला वाटलं. मला ते हवंही होतं, असं मी नंतर कित्येकदा स्वतःला बजावलं. तेव्हा मात्र मी मान खाली घातली.

“माताजी, गलती हो गई,” तो म्हणाला. त्याने हात जोडले. “मुझसे हो गई.”

त्याने का केलं ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित एका बाईला एका दिवसात बहीण आणि मुलगा दोन्ही घालवायला लावू नये असं त्याला वाटलं असेल. कदाचित तुम्ही ओरडा, जा, मला धंदा करू द्या, एवढंच असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी स्वतः उभं राहून पाहिलं. त्याने नवी कोरी कॅसेट पुढे केली. आईने ती घेतली नाही.

हळदीकुंकवात ही गोष्ट फिरली. मराठी बायकांनी त्याच्याकडे जाणं बंद केलं. गणपतीतल्या आरत्या, मुंजीची गाणी, गावाकडच्या कॅसेटच्या प्रती, हे सगळं काम दुसऱ्या दुकानात गेलं. मीही त्या रस्त्याने जाईनासा झालो.

आमच्या टेपरेकॉर्डरचं पुढे पळवायचं बटण टेप चावत असे. आईला ती जोखीम नको होती. म्हणून मावशीची ती चार मिनिटं ऐकायची तर आधीची एक्केचाळीस मिनिटं ऐकणं भाग होतं. ती दर महिन्याला मावशीच्या तिथीला दुपारी बसायची. समोर परातीत तांदूळ नाहीतर मुगाची डाळ. माझा अल्बम सुरू व्हायचा. रेंगाळणारा ऑर्गन, उलटसुलट ताल, गिटारचं किंचाळणं, आणि माझी आई खडे वेचत वाट बघत असायची. तिला ते कधी आवडलं नाही. पण वर्षभरात ते तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं. “आता ते दोघं भांडतात,” ती म्हणायची, आणि खरोखरच दोन गिटारी एकमेकींवर धावून जायच्या. “आता घंटा.” मग ती परात बाजूला सारायची आणि हात पुसायची.

“...भाऊजी, आता तुमच्याशी बोलते. पास निघाला की कळवा. मी साताऱ्याला स्टेशनवर येईन डबा घेऊन, गाडी थांबते तेवढ्यात भेटू. लिंबाचं लोणचं घातलंय, बरणी जड आहे, तुम्हालाच उचलावी लागेल. आणि एक सांगते. ताई स्वतः सांगायची नाही. तिला तिथली थंडी सोसत नाही. मागच्या खेपेला मी तिचे हात पाहिले, भेगा पडल्यात. तिला पाणी तापवायला एक बंब घेऊन द्या...”

असं चार मिनिटं. मग टेप संपायची, वाक्याच्या मध्येच. बहिणीने बहिणीला जे शेवटचं सांगितलं होतं ते गेलं होतं. उरलं होतं ते मेहुण्याशी केलेलं, पास आणि लोणच्याचं बोलणं. माझी आई आपल्या बहिणीने दुसऱ्याशी केलेलं बोलणं ऐकायला पाऊण तास बसायची. पुसलं गेलेलं बाकी काय होतं ते तिने कधी सांगितलं नाही. एकदा वडिलांनी विचारलं, तर म्हणाली, “एकदाच ऐकलं होतं. आता मला शब्दसुद्धा नीट आठवत नाहीत.” त्या दुपारी मी घरात थांबू शकलो नाही.

मित्राची पत्रं येत राहिली. दक्षिणेतल्या कुठल्याशा छावणीतून तो नवी नावं कळवायचा, इटलीचे बँड, जर्मनीचे बँड, हे ऐक, ते मिळव. मी दोन पत्रांना उत्तर दिलं. तिसऱ्यापासून दिलं नाही. काय लिहिणार होतो? क्या मिला, याचं उत्तर मला त्याला देता येत नव्हतं. वहीतल्या रेघा तिथेच थांबल्या. मी वर्कशॉपात लागलो, भोंग्याबरोबर जाऊ लागलो.

पुढची चाळीसेक वर्षं मी इथे लिहीत नाही, त्यात तसं काही नाही. वडील गेले. मी निवृत्तीला आलो. टेपरेकॉर्डर मोडला, दुरुस्त झाला, पुन्हा मोडला, शेवटी मी ती चार मिनिटं फोनवर उतरवून घेतली. पण आईला नुसती चार मिनिटं नको होती. “एकदम कशी बोलायला लागते ती,” म्हणाली. मग मी एक्केचाळीस मिनिटांसकट सगळी बाजू फोनवर घेतली आणि तिथीला लावून देऊ लागलो. ती आता पंच्याऐंशीची, ऐकू कमी येतं. फोन कानाशी धरून बसायची.

मागच्या वर्षी सदर बाजारातून तिची औषधं घेऊन आलो. सहज बोलून गेलो की तो रेकॉर्डिंगवाला वारला, त्याचा मुलगा तिथे मोबाईलची कव्हरं विकतो.

“बरं झालं,” आई म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांत एकदाही न ऐकलेल्या आवाजात, “तळतळाट लागतो माणसाला. माझ्या धाकटीला खाल्लं त्याने.”

मला ते सहन झालं नाही. मी तिच्या पलंगावर बसलो आणि सगळं सांगितलं. मित्राची बदली, काळी पट्टी, साठ-साठच्या दोन कॅसेटी, त्याने विचारलं होतं ते, मी हो म्हणालो ते. कमी ऐकू येतं म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

तिने औषधांची पिशवी बाजूला सारली.

“त्याला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि त्याने हात जोडले माझ्यापुढे?”

“हो, आई.”

“मी त्याच्या मुलाबाळांनासुद्धा बोलले असेन मनातल्या मनात,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, “तू आत्ता कशाला सांगितलंस? त्याच्यावर रागवायची सवय झाली होती मला. आता नव्याने तुझ्यावर रागवायला मी कुठून बळ आणू?”

मी माफी मागितली. तिने नीट ऐकलं, की ऐकू आलं नाही, ते कळलं नाही. औषधं कुठली जेवणाआधीची आणि कुठली नंतरची, ते तिने मला पुन्हा विचारून घेतलं.

पुढच्या तिथीला मी दुपारी फोन घेऊन तिच्याजवळ गेलो. गाणं शोधून ठेवलं होतं. “नको,” ती म्हणाली. त्याच्या पुढच्या महिन्यातही नको म्हणाली. तिसऱ्या महिन्यापासून मी विचारणं सोडलं. तिथीच्या दुपारी ती आता भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि मी बाहेरच्या खोलीत बसतो. मावशीची चार मिनिटं माझ्या फोनमध्ये आहेत आणि ती ऐकणारं घरात कुणी नाही.